तिसरं कडवं

वारजे, पुणे
मंगळवार, ७ एप्रिल २०२६

चि. अपेक्षा हिस,
बाबांचा प्रेमाचा सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

हे पत्र मला कितीला पडलं ते आधी सांगतो. वारजे ते सदाशिव पेठ रिक्षा, जाऊन-येऊन तीनशे चाळीस. तुझ्याबरोबर तिकडे नर्स असलेल्या शैलाच्या आईसाठी अर्धा किलो बाकरवडी. अर्धा दिवस दुकान बंद. आणि त्या बाईंसमोर बसून त्यांच्या गुडघ्यांच्या कहाणीला मान डोलावणं. त्याचा भाव लावलेला नाही, कारण बाजारात तो माल मिळत नाही. एवढं झाल्यावर तुझी मैत्रीण शैला म्हणाली, "काका, रविवारी परत आखातात ड्युटीवर निघालेय, पाकीट नेईन. पण जाड नको हं, वजनाचा प्रश्न आहे." म्हणून पातळ कागद घेतलाय आणि दोन्ही बाजूंनी लिहितोय.

फोन फुकट असताना बाप बाकरवडी देऊन पत्र पाठवतो, म्हणजे म्हातारा सटकला असं तुला वाटेल. पुढे वाच. एकदम नाही सांगता येत मला.

इकडे सर्व क्षेम. ऊन असं आहे की दुकानाच्या पत्र्यावर पापड भाजावेत. टँकरवाल्यांची चंगळ आणि त्यांच्यामुळे आपलीही, कारण पाण्याच्या मोटारी जळण्याचा हा हंगाम. दुकानातल्या योगेशला दुसरा मुलगा झाला, पेढे दिलेत. तुझ्या वाटचे मीच खाल्ले. चौथ्या मजल्यावरची दीपाली मध्ये येऊन गेली. दारातच म्हणाली, "काका, तुमच्या टीव्हीमुळे आम्हाला बातम्या लावाव्या लागत नाहीत. फक्त जाहिराती लागतात तेव्हा थोडं बारीक करत जा, त्या आम्हाला नको असतात." पुण्यात तक्रार अशी करतात. तेव्हापासून मी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद ठेवतो आणि नुसता बघतो. आवाज नसला की सगळ्या देशांचे पुढारी सारखेच दिसतात, तोंड उघडलेले. खाली पट्टीवर तुमच्याकडचं नाव आलं की उठून पडद्याजवळ जाऊन उभा राहतो.

धंदा ठीक. मागच्या आठवड्यात कर्वेनगरच्या एका मोठ्या सोसायटीत गेलो होतो. तिथे दोन कंपन्यांची पोरं मीटर-बिटर लावून गेली होती, कोणाला दोष सापडेना. कमिटीचे चार जण पंपाच्या खोलीत उभे. मी योगेशला म्हटलं, लाव चालू. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीवर, मूठ कानामागच्या हाडावर, डोळे मिटले. तुला लहानपणी दाखवायचो तसंच. आणि सांगितलं, मागचं बेअरिंग गेलंय. उघडलं, तर बेअरिंगच. सेक्रेटरी बघत राहिले. नगरहून आलो तेव्हा मला मोटारीचं वाइंडिंग शिकवायला कोणी तयार नव्हतं. दारात बसून आवाज ऐकत शिकलो, त्या कानांवर दुकान झालं, फ्लॅट झाला, तुझं नर्सिंग झालं. चौसष्टाव्या वर्षीही साळव्यांचे कान म्हणजे साळव्यांचे कान.

फोनचं म्हणशील तर माझ्या फोनचा स्पीकर बिघडलाय. आधी जुन्याचा बिघडला. मग नवा घेतला, त्याचाही बिघडला. मग योगेशने त्याच्या भावाचा दिला, त्याचाही. तीन फोन, तिन्हींचा स्पीकर. मोटारीच्या बाबतीत कोणी गिऱ्हाइकाने असं सांगितलं असतं तर मी म्हणालो असतो, साहेब, मोटार ठीक आहे, तुमच्या घरची लाइन तपासा.

अपू, तुझा तो मार्चमधला फोन. दुपारची वेळ होती, मी दुकानात होतो. तुझं नाव पडद्यावर दिसलं. मी उचलला, नेहमीसारखं "बोल बेटा" म्हणालो. तू बोलत होतीस एवढं कळलं. कागदी पिशवीत माशी अडकावी तसा आवाज येत होता, त्यात शब्द नव्हते.

आता माझी युक्ती ऐक. दीड वर्ष मी तीन वाक्यांवर काढलंय. "बरं, बरं." "चाललंय ते चालू दे." आणि "प्रभू आहे." या तिन्हींत माणसाचं नव्वद टक्के बोलणं भागतं, स्वतः करून बघ. कोणी मुलाच्या नोकरीचं सांगितलं, प्रभू आहे. कोणी मूळव्याधीचं सांगितलं, प्रभू आहे. चर्चमधले लोक तर म्हणायला लागले की सुखदेवभाऊ बायको गेल्यापासून विश्वासात फार वाढले. समोर बसलेल्या माणसाचं निम्मं मला ओठांवरून कळतं, उरलेलं धंद्याच्या अनुभवाने भरतो. फोनला ओठ नसतात.

तर त्या दिवशी तू बोललीस, थांबलीस. थांबलीस म्हणजे माझी पाळी आली असं धरून मी म्हणालो, "चाललंय ते चालू दे. प्रभू आहे." तू फोन ठेवलास. मी योगेशला म्हटलं, पोरगी मजेत आहे.

त्यानंतर तुझा फोन नाही. मी रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवत होतो, त्यावर वचनं. मला वाटलं, तिकडे लढाईमुळे नेट बंद असेल.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चंपामावशी आली. हातात झावळीचा क्रूस, कपाळावर आठ्या. समोरच्या खुर्चीत बसली म्हणून सगळं कळलं. शिवाय तुझ्या मावशीचा आवाज तुला माहीत आहे, तो स्पीकरवर अवलंबून नसतो.

"दाजी, पोरीला काय उत्तर दिलंत तुम्ही?"

"कोणत्या पोरीला?"

"तुम्हाला डझनभर आहेत का? अपेक्षाला! सायरन वाजत होते, ती हॉस्पिटलच्या तळघरात बसून तुम्हाला फोन करत होती. रडत विचारलं तिने, बाबा, मी नोकरी सोडून परत येऊ का, मला इथं भीती वाटते. आणि तुम्ही काय म्हणालात?"

मी तिच्या ओठांवरून नजर काढली नाही.

"चाललंय ते चालू दे, प्रभू आहे! लेकीला घराबाहेर ठेवायला देवाला दारात उभं केलंत. माझी बहीण असती तर पुढच्या विमानाचं तिकीट काढून मोकळी झाली असती. तुम्हाला काय, 'मुलगी आखातात आहे' हे सांगायला पाहिजे ना दुकानात?"

चंपाला मी तीस वर्षं ओळखतो. तिच्यासमोर कधी हरलो नाही, कारण वाद वाढला की मी चहा टाकायला उठतो. त्या दिवशी उठता आलं नाही.

"चंपा, मला ऐकू आलं नव्हतं ती काय म्हणाली ते."

"म्हणजे? रेंज नव्हती?"

"रेंज होती. मला ऐकू येत नाही."

झावळीचा क्रूस तिने टेबलावर ठेवला, मग परत उचलला. "कधीपासून?"

"दीडेक वर्ष."

"आणि आम्ही समजत होतो, ताई गेल्यापासून दाजी शहाणे झाले, कशालाच उलटून बोलत नाहीत." आणि मग ती रडायला लागली, तर मीच तिला म्हणालो, "बरं, बरं." सवयीने.

ती म्हणाली, मी आत्ता लावते अपूला फोन, सांगते बाप बहिरा झालाय. मी तिचा हात धरला. म्हटलं, नको, हे माझ्या तोंडून जाऊ दे. हा माझा ताठा आहे, मला ठाऊक आहे. पण तुझ्या प्रश्नाला एकदा भलतं उत्तर गेलं ते माझ्याच तोंडून गेलं, मग खरं उत्तर मावशीच्या तोंडून का जावं? त्या रात्री तुला मेसेज लिहिला. तो तू उघडलेला नाहीस. त्याआधीची फुलंही उघडलेली नाहीत. बरोबर केलंस. "प्रभू आहे" असं छापलेलं गुलाबाचं फूल मीही उघडलं नसतं.

आता उत्तम शुक्रवारचं सांगतो, कारण हे पत्र लिहायचं बळ मला तिथून आलं.

तुला माहीत आहे, त्या दिवशी आपल्या चर्चमध्ये बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, मध्ये मध्ये गीतं. या वर्षी पाळकसाहेबांनी मला चौथा उद्गार दिला होता. देवा, मला का सोडलंस, असं प्रभू विचारतो तो. मी महिनाभर आधी भाषण लिहून ठेवलं होतं. त्यात मी पत्र्याची पेटी घेऊन पुण्यात उतरलो तिथपासून सगळं होतं. देवाने मला कधीच सोडलं नाही, हा त्याचा पुरावा म्हणून दुकान, फ्लॅट आणि परदेशातली मुलगी. टाळ्या वाजवायची पद्धत नाही, पण वाजल्या असत्या असं भाषण.

उभा राहिलो, कागद उघडला, आणि "परदेशातली मुलगी" या शब्दांवर डोळे गेले. कागद खिशात ठेवला.

मी म्हणालो, मंडळी, या प्रश्नाला वरून उत्तर आलेलं नाही. शास्त्रात शोधून बघा, तिथे काही लिहिलेलं नाही. मी आजवर समजत होतो, उत्तर आलं नाही म्हणजे बाप गप्प राहिला. आता मला एक वेगळी शंका येते. बाप बोललाही असेल. पण खाली शिपाई ओरडत होते, लोक थट्टा करत होते, अंगात ताप, कानात रक्ताचे ठोके. त्या गोंगाटात पुत्राला ऐकू आलं नसेल. हे शास्त्रात नाही, पाळकसाहेबांनी मला माफ करावं. पण एवढं तर लिहिलेलं आहे, की उत्तर ऐकू आलं नाही तरी तो बापाशी बोलायचा थांबला नाही. शेवटचं बोलला तेही त्यालाच, आणि "बापा" म्हणून. मी रोज "प्रभू आहे, प्रभू आहे" म्हणत होतो ते लोकांचं बोलणं संपवायला. त्याने ते कधी कोणाचं बोलणं संपवायला वापरलं नाही. तो ऐकू येत नसताना बोलत राहिला.

बसलो. भाषण फार लहान झालं. कोणाचा चेहरा बघायची हिंमत नव्हती म्हणून गीतांचं पुस्तक उघडलं आणि त्यात डोकं घातलं.

पुढचं गीत तुझ्या आईचं आवडतं, वादळातल्या तारवाचं. तू लहानपणी "तारवात मांजर पण होती का" विचारायचीस ते. वेळ होत होता म्हणून पाळकसाहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, प्रत्येक गीताचं तिसरं कडवं गाळायचं. सगळ्यांनी ते ऐकलं होतं, मी सोडून. दुसरं कडवं संपलं, लोक खाली बसले, आणि तुझा बाप उभ्याने तिसरं कडवं गात राहिला. खालच्या पट्टीत गात असतो तर ठीक होतं. पण मला हल्ली माझाही आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे मी जोर लावतो.

अर्ध्या ओळीत पुस्तकातून डोकं वर काढलं. सगळं चर्च बसलेलं. पेटीवाल्याचे हात मांडीवर. पाळकसाहेब पाचव्या वक्त्याला खूण करायला हात वर केलेल्या अवस्थेत तसेच थांबलेले. अपू, मी दुकानात शॉक खाल्लेत, पण असा नाही. तोंड चालू होतं आणि थांबवावं कसं ते सुचेना.

तेव्हा शेजारच्या बायकांच्या बाकावरच्या सोजरकाकू उठल्या. त्यांना उठायला किती वेळ लागतो तुला माहीत आहे. एक हात पुढच्या बाकावर, एक गुडघ्यावर. त्या उठल्या आणि त्यांचे ओठ हलताना मला दिसले, माझ्याच ओळीवर. पुस्तक नव्हतं त्यांच्या हातात, पाठ होतं. मग त्यांच्या शेजारची उठली. मग पलीकडचा पुरुषांचा बाक. पेटीवाल्याचा हात घाईने भात्यावर गेला. कडवं संपेपर्यंत सगळी मंडळी उभी होती आणि मला एकही सूर ऐकू येत नव्हता, पण पायाखालची फरशी थरथरत होती. मोटार चालू झाली की जशी थरथरते तशी.

गाळलेलं कडवं होतं ते. त्यांनी ते माझ्यासाठी परत घेतलं.

ईस्टरच्या सकाळी उपासना सुटल्यावर मी सोजरकाकूंना गाठलं. म्हटलं, काकू, त्या दिवशी फार उपकार केलेत. त्या माझ्यासमोर आल्या, तोंड माझ्या तोंडापुढे आणलं आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "सुखदेवा, आम्हाला सगळ्यांना माहीत हाय. वरीस झालं."

"मग बोलला नाहीत कोणी?"

"तू लपवत होतास ना? मंग आम्ही पन लपवलं. मी दर रविवारी पुस्तक तुझ्याकडं वळवून गीताच्या आकड्यावर बोट ठेवून हुभी ऱ्हाते, ते कशाला वाटलं तुला?"

मला वाटायचं, म्हातारीला दिसत नाही, ती मला विचारतेय की हाच का आकडा. मी दर रविवारी मोठ्या मनाने मान हलवून "हो, हाच" म्हणायचो.

जग काही सुधारलेलं नाही, अपू. तुझ्याकडे सायरन वाजतात आणि मला इथे बेल ऐकू येत नाही. प्रार्थना केली म्हणून विमानं थांबली नाहीत, माझे कान आले नाहीत. मी मागितलं होतं, खोटं का बोलू. पण फरशी थरथरते ते मला पायाने कळलं. या घरात रोज एकटा जेवतो, समोर नुसती चित्रं हलत असतात, आणि तरी त्या दिवसापासून घास गिळताना असं वाटत नाही की या खोलीत कोणीच नाही. याहून जास्त मला सांगता येत नाही. पाळकसाहेबांना विचारलंस तर ते नीट सांगतील. मी मोटारवाला आहे.

काल, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, शैलाकडे जायच्या आधी सदाशिव पेठेतल्या कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला एका पेटीत बसवून आवाज सोडले. म्हणे आवाज आला की बटण दाबा. मी बराच वेळ वाट बघत बसलो. शेवटी काचेपलीकडून त्यांनी खूण केली की झालं. कागदावर लिहून दिलं: नस गेली आहे, ग्राइंडरच्या आवाजाने, परत येणार नाही. मशीन पुढच्या आठवड्यात मिळेल. समोरचं बोलणं बरंच कळेल. फोनचं सांगता येत नाही.

म्हणून हे पत्र.

तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नव्हतं. मी कोणत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. आता देतो. ये, बेटा. नोकरी सोडून ये, सुटी टाकून ये, जमेल तशी ये. लोक काय म्हणतील ते मला ऐकूच येणार नाही, हा एक फायदा धर. आणि तिथेच राहायचं ठरवलंस, कारण तुझ्या वॉर्डातली माणसं सोडवत नाहीत, तर तेही मला मान्य आहे. पण ते भीतीने किंवा बापाच्या धाकाने ठरवू नकोस. आणि वाईट वाटलं की फोन कर. मी उचलेन. मला शब्द कळणार नाहीत, पण तू बोल. मी मध्ये तोंड घालणार नाही. तुझं संपेपर्यंत फोन कानाच्या हाडाला लावून बसेन.

आलीस तर बेल वाजवू नकोस. किल्ली दीपालीकडे ठेवली आहे. दार उघडून आत ये आणि माझ्यासमोर येऊन उभी राहा, पाठीमागून नको, दचकतो मी.

प्रभूमध्ये तुझी वाट बघणारा, आणि आता तरी खरं बोलणारा,
तुझा बाबा
सुखदेव साळवे

ता. क. : कर्वेनगरच्या मोटारीचं वर लिहिलं ते सवयीने लिहून गेलो. खोडणार होतो, पण कागद पातळ आहे, फाटेल. बेअरिंग खरंच गेलं होतं. त्या जुन्या मोटारींत दुसरं काही जातच नाही. मुठीतून जी थरथर लागली ती माझ्याच हाताची होती. योगेशने काल सांगितलं. मी डोळे मिटले तेव्हाच लाइट गेली होती, मोटार सुरूच झाली नव्हती.